‘मला सगळं चावतं’ हे मोजायचे कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांच्या आईंचे वय ६८ वर्षे असून त्यांच्या तोंडात १९ दात उरले आहेत. खालच्या दाढा दोन्ही बाजूंनी काढून टाकलेल्या आहेत. दातांच्या डॉक्टरांनी खालच्या जबड्यासाठी काढता-घालता येणारी अर्धी कवळी सुचवली आहे. परंतु आईंचे म्हणणे असे की ‘मला सगळं चावतं, मग कवळी कशाला?’ अशा वेळी चावण्याची क्षमता खरोखर मोजता येते का, घरी काही पडताळून पाहता येईल का, आणि या क्षमतेचा तोंडाच्या आणि शरीराच्या आरोग्याशी नेमका किती संबंध असतो, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

कवळ्या आणि कृत्रिम दात बसवण्याचे काम मी गेली २४ वर्षे करीत आहे. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो. ‘सगळं चावतं’ हे उत्तर खोटे नसते, पण त्यावरून आपल्याला हवे ते कळत नाही. मी रुग्णांना ‘काय काय खाता?’ असे विचारतो तेव्हा बहुतेक ज्येष्ठ ‘सगळं’ असेच म्हणतात. मग एकेका पदार्थाचे नाव घेऊन विचारू लागलो की चित्र पालटते. भाकरी खातात, पण दुधात किंवा आमटीत कुस्करून. पेरू ‘बिया अडकतात म्हणून’ सोडलेला असतो, काकडीची कोशिंबीर चोचवायची सोडून किसून होऊ लागलेली असते, शेंगदाणे कुटाच्या रूपातच पोटात जातात, आणि मटण असेल तर रस्सा ताटात आणि फोडी नातवाच्या वाटीत. हे बदल दहा-पंधरा वर्षांत इतक्या हळूहळू होतात की खुद्द त्या व्यक्तीला आपण काही सोडले आहे याची जाणीव राहत नाही. म्हणून या विषयात दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या धरतात. माणसाला आपल्या चावण्याबद्दल जे वाटते ती एक, आणि ठरावीक चाव्यांत घास प्रत्यक्ष किती बारीक होतो किंवा किती मिसळतो ती दुसरी. पहिली प्रश्नावलीने कळते, दुसरी मोजावी लागते, आणि या दोहोंचा मेळ अनेकदा फारच सैल असतो.

मोजण्याचा सर्वांत जुना मार्ग आपल्या स्वयंपाकघरातल्या चाळणीचा आहे. १९५० साली अमेरिकेत मॅन्ली आणि ब्रेली यांनी जी पद्धत रूढ केली, तिच्यात माणसाला मोजून शेंगदाणे द्यायचे, ठरलेले चावे घेऊ द्यायचे, न गिळता सगळे थुंकायला लावायचे, आणि तो चोथा चाळून किती भाग चाळणीखाली गेला ते पाहायचे असा क्रम होता. ठरावीक चाव्यांत किती बारीक झाले, ही झाली चावण्याची कामगिरी. आणि पूर्ण दात असलेला माणूस जितके बारीक करतो तितके करायला या माणसाला किती जास्त चावे लागतात, हे झाले त्याच्या कार्यक्षमतेचे माप. ही दोन मापे एकच समजून घोळ घातलेला मी पुष्कळदा पाहिला आहे.

शेंगदाण्यांची अडचण अशी की सगळे दाणे सारखे नसतात, ते लाळ शोषून घेतात, थोडेफार नकळत गिळलेही जातात, आणि कवळीखाली त्यांचा भुगा जाऊन बसला की रुग्ण चाचणी तिथेच सोडून देतो. म्हणून १९८० च्या सुमारास स्वीडिश संशोधकांनी दातांचे माप घेण्यासाठी आम्ही वापरतो त्याच सिलिकॉनच्या गोळ्या चाचणीत आणल्या. पुढे ५.६ मिलिमीटर बाजूचे १७ घन एका वेळी तोंडात देण्याची रीत पडली. पण हे सिलिकॉन कवळीवाल्यांना फार कठीण जाते, म्हणून नेदरलँड्समधील संशोधकांनी त्यात प्लास्टर, व्हॅसलिन, टूथपेस्ट आणि दातांचे माप घेण्याची पावडर घालून त्याची मऊ आवृत्ती तयार केली. दंतवैद्यकाच्या कपाटात जे होते तेच एकत्र कालवून एक संशोधनसाधन उभे राहिले, ही गोष्ट मला आजही गमतीची वाटते. चाळणीतून निघालेल्या आकड्यांवर जे समीकरण बसवतात तेही दातांसाठी तयार झालेले नाही. १९३३ साली रोसिन आणि रामलर या दोघांनी ते दळलेल्या कोळशाच्या कणांसाठी मांडले होते. त्यातून एक आकडा मिळतो, म्हणजे कणांचा असा आकार की वजनाने निम्मा चोथा त्यापेक्षा बारीक आणि निम्मा जाड असतो. हा आकडा जितका लहान तितके चावणे चांगले.

चाळणीची पद्धत नेमकी आहे, पण दवाखान्याच्या धबडग्यात कोणी ती करीत नाही. तिथे आता दोन पद्धती अधिक सोयीच्या ठरल्या आहेत. पहिली दोन रंगांच्या च्युइंगमची. दोन वेगळ्या रंगांच्या पट्ट्या एकावर एक ठेवून रुग्णाला २० चावे घ्यायला सांगतात, गोळा प्लास्टिकच्या पिशवीत घालून १ मिलिमीटर जाडीचा चपटा करतात, दोन्ही बाजूंनी स्कॅन करतात आणि रंग किती एकजीव झाला हे संगणकावर मोजतात. याचे मोफत सॉफ्टवेअरही आहे. संगणक नसला तरी डोळ्यांनी पाच पायऱ्यांवर श्रेणी देता येते. दोन्ही रंग वेगवेगळे राहिले तर सर्वांत खालची आणि पूर्ण एकरंगी गोळा झाला तर सर्वांत वरची. दुसरी पद्धत जपानमध्ये रुळलेली आहे. २ ग्रॅमची ग्लुकोजयुक्त जेलीची गोळी २० सेकंद चावायची, १० मिलिलिटर पाणी तोंडात घेऊन ते चाळणीवर थुंकायचे, आणि त्या पाण्यातले ग्लुकोज छोट्या यंत्रावर मोजायचे. गोळी जितकी फुटते तितके ग्लुकोज बाहेर येते. १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आकडा आला तर चावण्याचे काम मंदावले आहे असे तिथे धरतात. (रक्तातील साखर मोजण्याच्या यंत्राशी या यंत्राचे साम्य इतके आहे की रुग्णाला ‘ही तुमची शुगर नव्हे’ असे आधीच सांगून ठेवलेले बरे.)

या दोन प्रकारच्या चाचण्या एकच गोष्ट मोजत नाहीत, आणि निवड करताना हे ध्यानात घ्यावे लागते. गम फुटत नाही, तो मिसळतो. म्हणून त्यात दातांइतकेच जीभ आणि गाल यांचे काम दिसते. ज्यांचे दात फारच कमी आहेत, ज्यांना कवळी आहे किंवा पक्षाघातानंतर जिभेची हालचाल मंदावली आहे, त्यांच्यातले बारीक फरक गममधून चांगले कळतात. उलट ज्यांचे दात उत्तम आहेत ते सगळेच गम पूर्ण मिसळून टाकतात, त्यामुळे त्यांच्यातला फरक दाखवायला फुटणारा पदार्थच हवा. चावणे म्हणजे मुळात दोन कामांची साखळी आहे. जीभ आणि गाल कणांना दातांच्या मध्ये आणून ठेवतात, मग दात ते फोडतात. यातली पहिली कडी कच्ची असेल तर दुसरी कितीही भक्कम असून भागत नाही.

आता तोंडाच्या आरोग्याकडे येतो, कारण प्रश्नाचा गाभा तिथेच आहे. पहिला घटक अर्थातच दातांची संख्या. पण नुसत्या संख्येने फसगत होते. चावण्याचे काम दात एकेकटे करीत नाहीत, वरचा आणि खालचा एकमेकांना भेटतो तेव्हाच घास दळला जातो. टाळी एका हाताने वाजत नाही, तसेच हे आहे. आपल्या आईंच्या वरच्या दाढा शाबूत असल्या तरी त्यांच्यासमोर खाली काहीच नसेल, तर १९ या आकड्यात त्या मोजल्या जात असल्या तरी दळण्याच्या हिशेबात त्या शून्य आहेत. म्हणून आम्ही भेटणाऱ्या जोड्या मोजतो. आयश्नर यांचे वर्गीकरण यासाठी वापरतात. त्यात तोंडाच्या मागच्या भागाचे चार आधार मानतात, उजव्या-डाव्या उपदाढा (सुळा आणि दाढा यांच्यामधले दात) आणि उजव्या-डाव्या दाढा. चारही आधार शाबूत असले तर पहिला गट, काही गेले असतील तर दुसरा, आणि वरखालचे दात कुठेच भेटत नसतील तर तिसरा. चाचणीतील आकडे या गटांनुसार जितके स्पष्ट बदलतात तितके नुसत्या दातांच्या बेरजेनुसार बदलत नाहीत.

तरीही दाढा गेल्या म्हणजे कवळी हवीच, असा निष्कर्ष मी काढणार नाही, आणि या मुद्द्यावर माझे अनेक सहकाऱ्यांशी मतभेद आहेत. नेदरलँड्समधील नायमेखन येथे कायझर यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की पुढचे दात आणि उपदाढा मिळून वरखालच्या दहा जोड्या नीट भेटत असतील, तर बऱ्याच प्रौढांचे रोजचे चावणे समाधानकारक चालते. अशा तोंडात मागे लोंबणारी काढती कवळी बसवली तर तिचा फायदा अनेकदा थोडा आणि जाच जास्त होतो. अन्न अडकते, आधाराच्या दातांभोवती कीड लागते, आणि वर्षभरात कवळी कपाटातल्या डबीत जाते. म्हणून आईंच्या उपदाढांच्या किती जोड्या भेटतात, हा पहिला प्रश्न डॉक्टरांना विचारावा. उपदाढांच्या चारही जोड्या भेटत असतील आणि चाचणीचा निकाल ठीक असेल, तर आईंचे म्हणणे बरोबर असण्याची शक्यता पुष्कळ आहे. एखाद्या बाजूला उपदाढाही भेटत नसतील तर मात्र डॉक्टरांचे पारडे जड होते.

दुसरा घटक हिरड्यांचा. दात आहे, जोडीही भेटते, पण हाडाचा आधार खचल्यामुळे दात हलतो, तेव्हा माणूस त्याच्यावर जोर देत नाही. यात नुसती भीती नसते. दाताच्या मुळाभोवतीच्या तंतूंमध्ये अतिशय सूक्ष्म दाब ओळखणारे संवेदक असतात. पुढच्या दातांत शेंगदाणा धरताना आपण किती हलका जोर लावतो त्यावरून त्यांची नजाकत कळते. ते तंतू आजारी पडले की जोर लावण्याचा अंदाजही बिघडतो. उलटा परिणामही होतो. ज्या बाजूने दुखते ती बाजू माणूस चावायला वापरत नाही, आणि माझ्या पाहण्यात न वापरलेल्या बाजूवर किटण हटकून जास्त साचलेले असते. एका दुखऱ्या दाढेचे रूट कॅनॉल करून कॅप बसवली की सहा महिन्यांत त्या बाजूची हिरडीही सुधारलेली दिसते, आणि रुग्ण त्याचे श्रेय नव्या ब्रशला देतो.

तिसरा घटक लाळ. घास बांधण्यासाठी ती लागते, आणि रक्तदाबाच्या, नैराश्याच्या, ॲलर्जीच्या अनेक गोळ्यांनी ती आटते. दात ठीक असूनही ‘भाकरी तोंडात फिरत राहते’ अशी तक्रार असेल तर मी आधी औषधांची चिठ्ठी मागतो. ओसाका जवळच्या सुइता शहरात सर्वसामान्य नागरिकांवर चाललेल्या दीर्घकालीन अभ्यासात चावण्याच्या कामगिरीशी कार्यक्षम दातांची संख्या, चाव्याचे बल, हिरड्यांची स्थिती आणि लाळेचे प्रमाण हे सर्व घटक स्वतंत्रपणे जोडलेले आढळले. म्हणजे या गोष्टी एकमेकींची सावली नाहीत, प्रत्येकीचा आपला वाटा आहे.

आपल्याकडे यात आणखी दोन गोष्टींची भर घालावी लागते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मिश्री लावणाऱ्या अनेक स्त्रियांचे दात संख्येने पुरे असतात, पण भाजलेल्या तंबाखूच्या भुकटीने वर्षानुवर्षे घासून घासून त्यांचे उंचवटे झिजलेले असतात. सपाट जात्यावर दळण जसे नीट होत नाही, तसे या दाढांचे होते. टाकी लावून जात्याला पुन्हा धार आणता येते, दाढेला आणता येत नाही. दुसरी गोष्ट सुपारी आणि गुटख्याची. सुपारीमुळे गालांच्या आतील अस्तर तंतुमय आणि ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. असे तिशीतले तरुण ३२ दात घेऊन येतात, पण दोन बोटे उभी आत जात नाहीत आणि गाल घास दातांखाली ढकलू शकत नाहीत. दातांच्या तक्त्यावर त्यांना पैकीच्या पैकी गुण असतात, आणि जेवायला त्यांना घरातल्या आजोबांपेक्षा जास्त वेळ लागतो. तोंड कमी उघडणे हे कर्करोगाआधीच्या विकाराचे लक्षण असल्याने तिथे चावण्याच्या चाचणीपेक्षा तपासणीची घाई अधिक करावी लागते.

पूर्ण कवळीविषयी एक आकडा सर्वांना माहीत असावा. १९६४ मध्ये कपूर आणि सोमण यांनी शेंगदाण्यांसारख्या चाचणी-पदार्थांवर मोजून दाखवले की पूर्ण कवळी वापरणाऱ्यांची कार्यक्षमता नैसर्गिक दात असलेल्यांच्या एक षष्ठांशापेक्षाही कमी भरते. गंमत अशी की कवळी नीट बसली तर यांतले बरेच जण प्रश्नावलीत समाधानी असतात. खालच्या कवळीला दोन इम्प्लांटचा (जबड्याच्या हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळांचा) आधार दिला तर मोजमापात आणि समाधानात, दोन्हींत ठळक सुधारणा होते; पूर्ण दंतहीन खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा, असा ठराव २००२ साली मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांनी केला होता. खर्चाचा विचार करता आपल्याकडे तो सर्वांना पेलणारा नाही, हे मी रोज पाहतो.

शरीराच्या आरोग्याशी असलेल्या संबंधाबद्दल मात्र जपून बोलावे लागते, कारण इथे उत्साहाच्या भरात फार काही सांगितले जाते. नीट न चावल्याने अपचन होते, ही समजूत घरोघरी आहे. १९५६ साली ब्रिटनमध्ये फॅरेल यांनी चावलेले आणि न चावलेले अन्न जाळीदार लहान पिशव्यांत घालून लोकांना गिळायला लावले आणि बाहेर पडल्यावर त्या तपासल्या. बरेच पदार्थ न चावताही पचले होते. काही मांसाचे प्रकार आणि भाज्या यांचा मात्र अवशेष राहिला. आपली पचनसंस्था आपल्याला वाटते त्यापेक्षा क्षमाशील आहे. खरा धोका पचनात नसून निवडीत आहे. जे चावत नाही ते ताटातून जाते, आणि जाणाऱ्यांत कच्ची फळे, कोशिंबिरी, दाणे आणि मांस हेच अग्रभागी असतात. ब्रिटनमधील ६५ वर्षांवरील लोकांच्या राष्ट्रीय पाहणीत दात कमी असलेल्यांच्या आहारात फळे, भाज्या आणि तंतुमय पदार्थ कमी आढळले होते. मग नवी कवळी बसवली की आहार आपोआप सुधारतो का? नाही. कवळीसोबत आहाराचा वैयक्तिक सल्ला दिला तरच फळे-भाज्यांचे प्रमाण वाढते, असे तिथल्याच नंतरच्या प्रयोगांत दिसले. दहा वर्षे पेरू न खाणाऱ्या माणसाची जिभेची सवय दात बसवल्याने बदलत नाही, त्याला पेरूची फोड हातात द्यावी लागते.

जपानने या विषयाला धोरणात जागा दिली आहे. वयाच्या ८० व्या वर्षी २० दात, ही मोहीम तिथे १९८९ मध्ये सुरू झाली आणि २०१६ च्या पाहणीत ८० वर्षांच्या निम्म्याहून अधिक लोकांनी ते गाठले होते. चिबा प्रांतातील काशिवा शहरात सुमारे २००० ज्येष्ठांचा पाठपुरावा केला असता, ज्यांच्या चावण्यात, जिभेच्या बळात, बोलण्याच्या स्पष्टतेत आणि गिळण्यात एकाच वेळी अनेक उणिवा होत्या, त्यांना पुढील काही वर्षांत अशक्तपणा आणि परावलंबित्व येण्याचा धोका सुमारे दुप्पट दिसला. तिथे २०१८ पासून तोंडाच्या कार्यमंदतेचे निदान विम्याखाली होते. सात तपासण्यांपैकी तीन बिघडल्या की निदान पक्के, आणि चावण्याची चाचणी त्या सातांतली एक. मात्र हे सहसंबंध आहेत. ज्याचे स्नायू एकूणच क्षीण होत आहेत त्याचा जबडाही क्षीण होणार, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे या आकड्यांतून सुटत नाही. दाढ बसवल्याने आयुष्य वाढते असे कोणी सांगत असेल तर ती विक्री समजावी.

घरी पडताळून पाहायचे असेल तर मी दोन गोष्टी सुचवीन. पहिली, पदार्थांची यादी. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, ज्वारीची ताजी भाकरी, काकडीची फोड, कच्चे गाजर, पेरू, चकली, आणि घरात चालत असेल तर मटण, असे सात-आठ पदार्थ लिहावेत आणि प्रत्येकासमोर ‘पूर्वीसारखे खाते’, ‘रूप बदलून खाते’, ‘सोडले’ यांपैकी एक लिहावे. ‘खाता येते का’ असे विचारू नये, ‘गेल्या महिन्यात कसे खाल्ले’ असे विचारावे. दुसरी, दोन रंगांचे मऊ च्युइंगम. २० चाव्यांनंतर आईंचा गोळा आणि घरातल्या पूर्ण दातांच्या तरुणाचा गोळा पिशवीत चपटा करून शेजारी ठेवावा. फरक डोळ्यांना दिसतो. गिळताना ठसका लागत असेल, पक्षाघात होऊन गेला असेल, कॅप सैल असेल किंवा एखादा दात फार हलत असेल तर ही चाचणी घरी करू नये.

यादी आणि गोळा दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जावे. उपदाढांच्या जोड्या, दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीची खोली आणि हलणारे दात यांची नोंद मागावी, आणि हिरड्यांचे उपचार बाकी असतील तर ते आधी पूर्ण करून घ्यावेत, कारण खचत्या दातांना कवळीची तारेची पकड अडकवणे म्हणजे कुजलेल्या खांबाला झोपाळा टांगण्यासारखे आहे. त्यानंतरही कवळी बसवायचे ठरले, तर ती घातल्यावर सवय व्हायला सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावेत आणि मग तीच यादी व तेच २० चावे कवळी घालून एकदा आणि काढून एकदा करावेत. दोन्ही गोळ्यांत फरक दिसला नाही, तर कवळी वापरत नाहीत म्हणून आईंना बोल लावण्याऐवजी कवळी घेऊन परत डॉक्टरांकडे जावे.